विहीर माझी, पाणी कुणाचं?

मे महिन्यातली रात्र. साडेअकराच्या सुमारास आमच्या वस्तीवर बोअरची गाडी आली. तमिळनाडूचा नंबर, दिवसभर दुसऱ्या गावात खोदून आलेली चार-पाच पोरं. शेजारच्या नानांच्या रानात पाणाड्याने दुपारीच तळहातावर नारळ आडवा धरून जागा दाखवली होती. नानांनी नारळ फोडला, उदबत्ती लावली आणि कॉम्प्रेसरचा आवाज शिवारभर घुमायला लागला. दोनशे फुटांपर्यंत नुसती धूळ. नाना बांधावर उकिडवे बसून प्रत्येक पाईप उतरला की फुटांचा आणि पैशांचा हिशेब करत होते. तीनशे वीस फुटांवर गढूळ पाण्याचा फवारा उसळला, तेव्हा साठी उलटलेला तो माणूस लहान पोरासारखा त्या पाण्याखाली जाऊन उभा राहिला. सकाळी आमच्याकडे पेढे आले.

आठवडाभरात आमच्या विहिरीची तऱ्हा बदलली. एरवी मोटर पाऊण तास चालायची, ती पंधरा-वीस मिनिटांत हवा ओढायला लागली. फूटव्हॉल्व्ह उघडा पडायचा. मी चिडून नानांबद्दल काहीबाही बोललो, तर आई म्हणाली, "अरे, त्यांनी काय रात्री येऊन आपल्या विहिरीत पोहरा सोडला का? त्यांच्या रानात, त्यांच्या पैशानं बोअर घेतला. त्यांची मोसंबी वाळत होती. तू असतास तर काय केलं असतंस?"

मीही बोअरच घेतला असता. त्यामुळे मी गप्प बसलो. पण मनातला प्रश्न गेला नाही. चोरी झालेली नाही, फसवणूक झालेली नाही, भांडण नाही; तरी आमचं नुकसान झालंच आहे. मग ते कुणाच्या खात्यावर लिहायचं?

अर्थशास्त्रात या प्रश्नाला नाव आहे. एक्स्टर्नॅलिटी, म्हणजे बाह्यता. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे. नाना आणि गाडीवाला यांच्यात फुटाच्या दरावर सौदा झाला. दोघांनाही तो परवडला, म्हणून तर झाला. त्या सौद्यात माझी आई कुठेच नव्हती. तिला कुणी विचारलं नाही, तिने सही केली नाही, पण त्या सौद्याचा एक हिस्सा तिच्या विहिरीवर पडला. सौद्याबाहेरच्या माणसावर पडणारा आणि सौद्याच्या किमतीत न धरलेला असा जो खर्च किंवा फायदा, ती बाह्यता.

आपल्याकडे हे फार जुन्या काळापासून कळत होतं असं मला वाटतं. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवा. राजाने हुकूम केला, गावातलं सगळं दूध महादेवाच्या गाभाऱ्यात आणा. सगळ्यांनी घागरी ओतल्या, गाभारा भरेना. मग एक म्हातारी आली. तिने आधी घरच्या लेकरांना दूध दिलं होतं, वासरांना पाजलं होतं, आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन ती आली होती. तिने ते ओतलं आणि गाभारा भरला. मला त्या कहाणीत नेहमी वासरं दिसतात. राजाने हिशेब घागरींचा केला. वासरांच्या पोटातून काय गेलं ते त्याच्या हिशेबात नव्हतं. गाभारा त्यामुळेच रिता राहत होता.

बाह्यता सगळीकडे आहे, फक्त एकदा नजर बसावी लागते. पंचगंगेत वरच्या अंगाला कोल्हापूरचं सांडपाणी आणि इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेचं रंगीत पाणी मिसळतं आणि खाली शिरोळ तालुक्यात मेलेल्या माशांचा खच तरंगताना दिसतो. कापडाच्या मीटरमागे जी किंमत लागते तिच्यात सूत, वीज, मजुरी, रंग सगळं धरलेलं असतं. खालच्या गावाच्या पाण्याचं नुकसान धरलेलं नसतं. म्हणून ते कापड आहे त्यापेक्षा स्वस्त दिसतं. गिऱ्हाइकाने न भरलेला भाग शिरोळचा माणूस भरत असतो.

ही झाली वाईट बाजू. चांगलीही असते. डाळिंबाला फुलं लागली की बागायतदार मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून ठेवतात, कारण माशी फिरली की फळधारणा वाढते. आता माशी काही सातबारा बघून उडत नाही. भाडं एकाने भरलं तरी शेजारच्या बागेलाही फायदा होतो. पोलिओचे डोसही असेच. १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले, देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपला सगळा आग्नेय आशिया प्रदेश पोलिओमुक्त ठरवला. तुमच्या बाळाला दिलेल्या दोन थेंबांनी तुमचं बाळ तर वाचलंच, शिवाय शेजारच्या बाळापर्यंत विषाणू पोचण्याची एक वाटही बंद झाली. ती वाट बंद केल्याचे पैसे शेजाऱ्याने तुम्हाला दिले नाहीत. नफ्याच्या हिशेबात जी गोष्ट दिसत नाही ती माणसं गरजेपेक्षा कमी करतात. म्हणूनच डोस फुकट द्यावे लागले, बूथ लावावे लागले, राहिलेल्यांच्या घरोघर जावं लागलं.

थोडक्यात, वाईट बाह्यता असेल तर ती गोष्ट प्रमाणाबाहेर होते आणि चांगली असेल तर कमी पडते. दोन्हीचं कारण एकच: करणाऱ्याला पूर्ण हिशेब दिसत नाही.

आता परत विहिरीकडे येऊ. थोडी आकडेमोड करू, म्हणजे नाना आणि मी दोघंही कुठे अडकलो होतो ते दिसेल. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

समजा, एकाच झऱ्यावर वीस विहिरी-बोअर आहेत. मी मोटर रोज एक तास जास्त चालवली तर माझ्या पिकाला १०० रुपयांचा फायदा होतो. पण त्या तासाभराच्या उपशाने सगळ्यांचं पाणी थोडं खाली जातं, प्रत्येकाला १० रुपयांचा जादा खर्च पडतो. पाईप वाढवा, मोटर जास्त वेळ चालवा. वीस जणांचे मिळून २०० रुपये. म्हणजे गावाच्या दृष्टीने मी १०० मिळवायला २०० घालवले. पण माझ्या खिशाच्या दृष्टीने? मला १०० मिळाले, माझ्या वाट्याचे १० गेले, ९० हातात राहिले. मोटर चालू ठेवणं मला परवडतं.

आता हाच विचार वीसही जण करतात. प्रत्येकाला १०० मिळतात आणि प्रत्येकावर वीस जणांच्या उपशाचे दहा-दहा, म्हणजे २०० रुपये पडतात. सगळेच शंभराने बुडाले. आणि खरी मेख पुढे आहे. अशा वेळी मी एकट्याने शहाणपणाने मोटर बंद केली तर काय होईल? माझे १०० जातील आणि वाचतील फक्त १०. बाकीचे एकोणीस चालूच. म्हणजे सगळं समजूनसुद्धा एकट्याने थांबणं मूर्खपणाचं ठरतं.

हा हिशेब मी जेव्हा पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा नानांवरचा माझा राग गेला. गावोगाव पाण्यावरून जी भाषणं होतात त्यांत शेतकऱ्याला हावरट ठरवलं जातं, त्याला जागरूक व्हायला सांगितलं जातं. जागरूक माणूसही या वीस विहिरींच्या हिशेबातून एकटा सुटू शकत नाही.

मग यावर उपाय काय? अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नावर शंभर वर्षं डोकं घासलं आहे. केंब्रिजचे आर्थर पिगू यांनी १९२० साली त्याची पहिली नीट मांडणी केली. त्यांचं एक उदाहरण रेल्वेचं होतं. वाफेच्या इंजिनातून ठिणग्या उडायच्या, रुळांशेजारची झाडी जळायची आणि त्या जळीताचा खर्च रेल्वेच्या तिकिटात धरलेला नसायचा. पिगूंचं म्हणणं असं, की जो खर्च दुसऱ्यावर पडतो तेवढा कर करणाऱ्यावर लावा, म्हणजे तो त्याला स्वतःच्या खिशात जाणवेल. चांगली बाह्यता असेल तर तेवढं अनुदान द्या.

आमच्या उदाहरणात त्या जादा तासाला १९० रुपये आकारले तर मी मोटर बंद करेन, कारण मला मिळणार शंभरच. पण ज्याची डाळिंबाची बाग ऐन फळात आहे आणि त्या एका तासाने ज्याचे ५०० वाचणार आहेत, तो आकार भरून मोटर चालवेल. आणि त्याने चालवावीच. या कराचा हेतू उपसा बंद पाडण्याचा नसतो. कमी कामाचा उपसा थांबावा आणि खऱ्या गरजेचा चालावा, अशी आपोआप चाळण लागावी, एवढंच त्यात अपेक्षित असतं. सरसकट बंदीला हे जमत नाही.

आपल्याकडे प्रत्यक्षात चालतं ते नेमकं उलट. शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षं बहुतेक ठिकाणी युनिटवर न मोजता मोटरच्या एचपीवर आकारली गेली. मोटर एक तास चालवा की आठ तास, बिल तेवढंच. २०२४ पासून तर राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. जास्तीचा प्रत्येक तास शेतकऱ्याला शून्य रुपयांना पडतो. मला इथे घाईने निकाल द्यायचा नाही. ज्याच्या कांद्याचा भाव एका रात्रीत पडतो, ज्याला वीज बहुधा रात्री-अपरात्रीच मिळते, त्याला आणखी एक बिल द्या असं खुर्चीत बसून सांगणं सोपं आहे. मदत हवीच. पण ती विजेतून दिली की जो जास्त उपसतो त्याला जास्त मिळते, आणि ज्याच्याकडे विहीरच नाही त्या कोरडवाहूवाल्याला काहीच मिळत नाही. तेवढीच रक्कम थेट खात्यात दिली आणि वीज मोजून आकारली, तर शेतकऱ्याचं नुकसान न होता पाण्याला किंमत येईल. यावर गावागावात मोकळेपणाने बोललं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पिगूंच्या मांडणीला पुढे मोठी हरकत घेतली रोनाल्ड कोस यांनी, १९६० साली. त्यांनी लंडनमधला १८७९ चा एक खटला घेतला. एक मिठाईवाला वर्षानुवर्षं आपल्या खलबत्त्यात कुटत असे. शेजारी डॉक्टर राहायला आले. काही वर्षांनी त्यांनी तपासणीची खोली नेमकी त्या भिंतीला लागून बांधली आणि मग आवाजाचा त्रास सुरू झाला. कोर्टाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. कोस म्हणाले, नीट बघा, आवाज चालू ठेवला तर डॉक्टरचं नुकसान आणि बंद केला तर मिठाईवाल्याचं. त्रास दोन्ही बाजूंनी आहे. हक्क कुणाचा ते स्पष्ट असेल आणि एकमेकांशी बोलणं सोपं असेल, तर दोघं मिळून काहीतरी तोडगा काढतील. ज्याला जास्त गरज आहे तो दुसऱ्याला पैसे देईल.

दोन शेजाऱ्यांपुरतं हे खरं आहे. नाना आणि आम्ही बसून ठरवू शकलो असतो: एक दिवस तुम्ही, एक दिवस आम्ही. पण वीस विहिरी असल्या की बैठकीलाच कुणी येत नाही, आणि आले तरी कुणी किती उपसलं ते मोजणार कोण? शिवाय हक्काचा प्रश्न आहेच. १८८२ च्या इझमेंट कायद्याने, म्हणजे जमिनीच्या वापराशी निगडित हक्कांच्या कायद्याने, जमिनीच्या मालकाला त्याच्या हद्दीतलं, ठरावीक प्रवाहात नसलेलं जमिनीखालचं पाणी घेण्याचा हक्क मानला. ज्याची जमीन त्याचं पाणी. कागदावर हे बरोबर दिसतं, पण पाणी हद्दीत थांबत नाही. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा आहे. त्यात पाणी साठतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांमध्ये. भेग नानांच्या रानातून निघते आणि आमच्या विहिरीत उघडते. आमचं पाणी बसलेल्या जागी गेलं ते अशाच एखाद्या भेगेतून गेलं असणार.

इथे दुसरा मोठा शब्द येतो: सार्वजनिक वस्तू. सरकार पुरवतं ते सार्वजनिक अशी आपली समजूत असते. अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ साली याची जी व्याख्या बांधली तिच्यात सरकारचा संबंधच नाही. तिथून पुढे अर्थशास्त्रात दोन कसोट्या रुळल्या. मी वापरली म्हणून तुमच्यासाठी ती कमी होते का? आणि ज्याने पैसे दिले नाहीत त्याला वापरण्यापासून अडवता येतं का? दोन्हींचं उत्तर "नाही" असेल तर ती खरी सार्वजनिक वस्तू. भाकरी मी खाल्ली की संपली आणि दुकानदार पैशांशिवाय देणार नाही, म्हणून ती खासगी. हवामान खात्याने चक्रीवादळाचा इशारा दिला, तर तो रत्नागिरीच्या एका होडीने ऐकला म्हणून दुसरीसाठी कमी होत नाही आणि ऐकू न देण्याची सोयही नाही.

अशा वस्तूची अडचण वर्गणी गोळा केलेल्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाही. सप्त्याचा मांडव पडतो, कीर्तन लाउडस्पीकरवरून सगळ्या गावाला ऐकू येतं. न देणाऱ्याच्या कानात बोळे घालता येत नाहीत. मग कशाला द्यायची वर्गणी? प्रत्येकाने असा विचार केला तर सप्ता होणारच नाही. गावाने यावर शोधलेला उपाय म्हणजे देवळासमोरचा तो फळा, ज्यावर नाव आणि रक्कम खडूने लिहिलेली असते. लाज आणि मान या दोन गोष्टींवर महाराष्ट्रात केवढी तरी सार्वजनिक कामं उभी आहेत! पण सप्त्याला जे जमतं ते पाझर तलावाला जमत नाही, कारण रक्कम मोठी असते आणि फायदा तीन पावसाळ्यांनी दिसतो. तिथे करातून पैसा उभा करावा लागतो, म्हणजे सगळ्यांकडून सक्तीने घेतलेली वर्गणीच.

दीपगृहाचं उदाहरण पाठ्यपुस्तकांत फार चालतं. प्रकाश कुठल्याही जहाजाला दिसतो, पैसे कोण देणार? पण त्यावरही लोकांनी वाट काढली. समुद्रात अडवता येत नसेल, पण जहाज कुठल्या तरी बंदराला लागतंच. तिथे शुल्क घ्यायचं. इंग्लंडमध्ये शेकडो वर्षं असं चाललं आणि आपल्याकडेही १९२७ च्या दीपगृह कायद्याने हीच पद्धत आली. म्हणजे एखादी वस्तू "अडवता न येणारी" आहे की नाही हे पुष्कळदा आपण दार कुठे बसवतो त्यावर असतं.

माथ्यावरची पाणलोटाची कामं याच जातीची. डोंगरउतारावर समतल चर खणले, बांध घातले तर पाणी मुरतं. पण ते मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना लागतं. ज्याच्या उतारावर चर खणले त्याच्या वाट्याला जेमतेम थोडं गवत येतं. म्हणून एकटा माणूस ते काम कधी करत नाही. २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत गावंच्या गावं पहाटे कुदळ-फावडी घेऊन उतरली, ती स्पर्धेच्या ईर्ष्येने आणि एकमेकांच्या डोळ्यांदेखत. सप्त्याच्या फळ्याचंच ते मोठं रूप.

मात्र जमिनीखालचं पाणी या कसोट्यांवर अर्धवट बसतं, आणि सगळा गुंता तिथेच आहे. ते अडवणं अवघड आहे, म्हणजे त्या बाबतीत ते सार्वजनिक. पण मी उपसलं की तुमचं कमी होतं, म्हणजे त्या बाबतीत भाकरीसारखं. गायरान, मासेमारीचा समुद्र, जंगल, भूजल ही सगळी सामाईक साधनं या जातीची. यातलं टोकाचं उदाहरण आता आपल्याकडे बांधावर दिसतं. हिवाळ्यात बोअरमधून पाणी उपसून प्लॅस्टिकचं अस्तर घातलेल्या शेततळ्यात भरून ठेवतात आणि भोवती कुंपण घालतात. सगळ्यांच्या भेगांमधलं पाणी एकाच्या कुंपणात आलं. त्यातलं काही उन्हाळ्यात उडून गेलं ते वेगळंच. शेततळं मुळात पावसाचं पाणी अडवण्यासाठी होतं, हे आपण विसरायला लागलो आहोत याचं मला वाईट वाटतं.

गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने १९६८ साली लिहिलं होतं की अशी सामाईक कुरणं शेवटी उजाड होतातच. एक तर सरकारने ताबा घ्यावा, नाहीतर तुकडे पाडून खासगी करावीत. हा निबंध जगभर गाजला. आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, दहा वाघिणींची पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन स्टेशनात लागली, तेव्हा हार्डिनचं भाकीत आपल्याच फलाटावर उभं आहे असं वाटलं.

पण एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हार्डिनला उत्तर दिलं ते प्रत्यक्ष लोकांत जाऊन. त्यांचा डॉक्टरेटचा विषय भूजलच होता. लॉस एंजेलिसजवळच्या एका खोऱ्यात उपसा इतका वाढला होता की समुद्राचं खारं पाणी आत शिरायला लागलं होतं. तिथले उपसणारे आपापसांत बसले, कोर्टात गेले, प्रत्येकाचा वाटा ठरवून घेतला आणि देखरेखीची व्यवस्था लावली. पुढे ऑस्ट्रॉमबाईंनी जगभरातली कुरणं, मासेमारी, पाटाचं पाणी अभ्यासलं आणि दाखवून दिलं की लोक पुष्कळ ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या सामाईक साधनं नीट सांभाळतात. जिथे टिकतं तिथे काही गोष्टी असतात: हक्कदार कोण ते पक्कं ठरलेलं असतं, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात, त्यांच्यातलाच कुणीतरी लक्ष ठेवतो आणि चुकणाऱ्याला आधी छोटा, मग मोठा दंड होतो. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

हे वाचून धुळे-नाशिककडचा माणूस म्हणेल, यात नवीन काय? पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत शेकडो वर्षांची आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे, एका फडात एकच पीक. पाणी द्यायचं ते पाटकऱ्याने. शेतकऱ्याने स्वतः बारं फोडायचं नाही. राखणीला जागल्या. बहुतेकांच्या जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असायचे. त्यामुळे पाणी कमी असलं की एखादा फडच त्या वर्षी कोरडा ठेवायचे आणि टंचाई सगळ्यांमध्ये वाटली जायची. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांनी वीस विहिरींचा तो हिशेब कधीच सोडवला होता.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम अजूनही वाचताना थबकायला होतं: पाणी जमिनीवर न देता माणसांवर द्यायचं. दर माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. १८८२ च्या कायद्याने जी गाठ मारली होती, ज्याची जमीन त्याचं पाणी, ती साळुंखेंनी गावात बसून सोडली.

आणि नगर तालुक्यातलं हिवरे बाजार. १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे चर-बांधांची कामं झाली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते मुरलेल्या पाण्याचं त्यांनी काय केलं ते. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही. पावसाळा सरला की पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवायचा. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, उरेल त्यात रब्बी बसवायची. पाणी मुरवणं हे सार्वजनिक वस्तूचं काम, आणि उपसा आवरणं हे सामाईक साधनाचं. पुष्कळ गावं पहिलं करतात आणि दुसऱ्यापाशी थांबतात. मग वाढलेलं पाणी दोन हंगामांत नव्या बोअरमध्ये जातं.

कायदाही आहे. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खणायला मनाई केली. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला आणि त्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आणलं. ६० मीटर म्हणजे दोनशे फुटांपेक्षा थोडं कमी. आमच्या वस्तीवर त्या रात्री गाडी तीनशे वीस फुटांवर गेली आणि ६० मीटरचा विषय तिथे कुणाच्या तोंडी आला नाही, माझ्याही नाही. कारण दूर मुंबईत बसलेल्या कुणाला नानांच्या बांधावर रात्री साडेअकराला लक्ष ठेवता येत नाही. ते गावालाच जमेल. पण गावाच्या नियमाला मागे कायद्याचा हात नसेल तर एक आडमुठा माणूसही तो मोडून दाखवू शकतो. दोन्ही लागतात.

यंदा आमच्याकडे त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट सुरू झाली. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. त्याच महिन्यांत आम्हीही आपल्या विहिरी मोजायचं ठरवलं. लांब मोजपट्टीला खाली वजन बांधलं आहे. पट्टी सोडायची, पाण्याला टेकल्याचा आवाज आला की काठावरचा आकडा वाचायचा. आकडा एकदा जाहीर झाला की तो कुणापासून अडवता येत नाही आणि तो सगळ्यांना सांगितल्याने कुणाचा कमी होत नाही. म्हणजे सार्वजनिक वस्तूच्या दोन्ही कसोट्यांना उतरणारी ही आमच्या गावातली वस्तू. ऑक्टोबरचे आकडे देवळासमोरच्या त्याच फळ्यावर लिहिले आहेत, वर्गणीच्या यादीखाली. बोअरमध्ये पट्टी उतरत नाही, मोटर आणि पाईप आड येतात. नानांनी त्यांच्या बोअरची मोटर बाहेर काढली होती त्या दिवशी स्वतः निरोप धाडला, "पट्टी घेऊन ये, आज मोजता येईल." मी आणि ते दोघं काठाशी उकिडवे बसलो. पट्टी सुटत राहिली, ते मोठ्याने फूट मोजत होते.